युद्ध थांबलं कधी, संपलं कधी? शस्त्रसंधी आणि शरणागतीचे कागद कसे वाचावेत

मराठीत 'युद्धबंदी' हा मोठा फसवा शब्द आहे. एका बातमीत 'युद्धबंदी जाहीर' म्हणजे गोळीबार थांबला, आणि दुसरीत 'युद्धबंदी मायदेशी परतले' म्हणजे पकडलेले सैनिक घरी आले. पाठ्यपुस्तकांचंही तसंच. 'युद्ध समाप्त झाले' एवढ्या तीन शब्दांत शस्त्रसंधी, शरणागती आणि तह हे सगळं एकाच गोणीत भरलेलं असतं. पहिलं महायुद्ध कधी संपलं, या प्रश्नाला '११ नोव्हेंबर १९१८' असं उत्तर लिहिलं की पूर्ण गुण मिळतात. पण त्या दिवशी पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या, एवढंच. पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन फौजेनं हत्यारं खाली ठेवली २५ नोव्हेंबरला. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ रोजी, आणि तो अमलात आला १० जानेवारी १९२० रोजी. चारही तारखा खऱ्या आहेत, फक्त त्या चार वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत.

युद्ध सुरू कसं झालं यावर आपण तासन्‌तास बोलतो. ते मिटलं कसं, हे मात्र एका ओळीत उरकतो. मला हे फार खटकतं, कारण पुढच्या भांडणाचं बी बहुतेक वेळा या शेवटच्या कागदातच पडलेलं असतं. हे कागद वाचायची एक रीत मी स्वतःसाठी बसवली आहे, ती इथे पायरीपायरीनं मांडतो. इतिहासाचे विद्यार्थी, शिक्षक, स्पर्धा परीक्षा देणारे आणि आजच्या युद्धांच्या बातम्या समजून घेऊ पाहणारे, सगळ्यांना ती वापरता येईल. एक वही लागेल आणि थोडा धीर. कागद फार लांब नसतात. ढाक्याचा १९७१ चा शरणागतीचा दस्त तर एका पानात मावतो.

पायरी १: हातातला कागद कुठल्या जातीचा, ते आधी ठरवा

चार जाती डोक्यात ठेवा. युद्धविराम म्हणजे गोळीबार थांबवणं. तो काही तासांचाही असू शकतो, मृतांना उचलण्यापुरताही असू शकतो. शस्त्रसंधी म्हणजे दोन्ही बाजूंच्या सेनापतींनी लिहून केलेला करार: कोण कुठे थांबेल, काय सोडेल, किती दिवस. शरणागतीत एक बाजू आपली फौज दुसऱ्याच्या हवाली करते. आणि तह हा राज्याराज्यांमधला शेवटचा व्यवहार.

युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७ च्या हेग नियमावलीत शस्त्रसंधीचा अर्थ स्पष्ट दिला आहे. तिनं लढाई स्थगित होते, संपत नाही. मुदत ठरलेली नसेल, तर ठरल्याप्रमाणे आगाऊ सूचना देऊन कुठलीही बाजू पुन्हा लढाई सुरू करू शकते. म्हणून शस्त्रसंधीच्या कागदात पहिल्यांदा मुदत शोधा. १९१८ च्या शस्त्रसंधीची मुदत अवघी ३६ दिवसांची होती. ती डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी अशी तीनदा वाढवावी लागली. आनंदानं रस्त्यावर उतरलेल्या लोकांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

आणि वहीत पकडलेल्या सैनिकांसाठी 'युद्धकैदी' हाच शब्द वापरा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पायरी २: हरल्याचं आधी कोणाला कळलं, ते शोधा

सही होण्याच्या कितीतरी आधी एक दिवस असा असतो, की बंद खोलीत कोणीतरी कबूल करतं, आता चालणार नाही. तो दिवस सापडला की पुढचा सगळा व्यवहार उलगडतो.

जर्मनीच्या बाबतीत तो दिवस २९ सप्टेंबर १९१८. त्याच दिवशी तिकडे बल्गेरियानं शस्त्रसंधीवर सही केली, आणि इकडे बेल्जियममधल्या स्पा इथल्या मुख्यालयात जनरल लुडेनडॉर्फनं सरकारला बजावलं की ताबडतोब शस्त्रसंधी मागा. दोनच दिवसांपूर्वीपर्यंत जर्मन जनतेला विजय जवळ आल्याचंच सांगितलं जात होतं म्हटलं तरी चालेल. मग नवं सरकार आलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यानं अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना विनंती पाठवली. ऑक्टोबर संपायच्या आत लुडेनडॉर्फ पदावरून गेला होता. हा कालक्रम वहीत ठळक लिहा. लढाई हरले सेनापती, मागणी केली सेनापतींनी, आणि सही करायला पाठवला गेला माथियास एर्झबेर्गर नावाचा एक नागरी राजकारणी.

जपानमध्ये हा क्षण ९ ऑगस्ट १९४५ च्या रात्रीचा. हिरोशिमा उद्ध्वस्त झालं होतं, सोव्हिएत संघ युद्धात उतरला होता, नागासाकीवर त्याच दिवशी बॉम्ब पडला होता. तरीही युद्ध चालवणाऱ्या सहा जणांच्या मंडळात मतं तीन विरुद्ध तीन. शेवटी सम्राटानं निर्णय दिला. १४ ऑगस्टला पुन्हा एकदा द्यावा लागला. त्या रात्री काही तरुण अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून सम्राटाच्या भाषणाची ध्वनिमुद्रिका शोधायचा प्रयत्न केला. ती सापडली असती तर दुसऱ्या दिवशी दुपारचं प्रसारण झालंच नसतं.

पायरी ३: निरोप कोणत्या वाटेनं गेला

ही पायरी लवकर उरकता येते. शत्रूशी थेट बोलायची सोय नसते, म्हणून मध्ये कोणीतरी तटस्थ लागतो. १९४५ मध्ये जपानचे निरोप स्वित्झर्लंड आणि स्वीडनमार्फत गेले. १९७१ मध्ये ढाक्यातून तिथले पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझी यांचा पहिला प्रस्ताव तिथल्या अमेरिकी वकिलातीमार्फत बाहेर पडला. समोरासमोर जायचं असेल तर पांढरं निशाण. पांढरं निशाण घेऊन येणाऱ्या दूताला, त्याच्या बिगुलवाल्याला आणि दुभाष्याला हात लावायचा नाही, हे हेग नियमावलीत लिहिलेलं आहे. जपानी प्रतिनिधी ऑगस्ट १९४५ मध्ये मनिलाला निघाले, तेव्हा त्यांची विमानं पांढरी रंगवून त्यांवर हिरवे क्रूस काढायला लावले होते.

निरोपात नेमकं काय मागितलं आणि उत्तरात नेमकं काय दिलं, हे मात्र शेजारीशेजारी लिहा. नियाझींनी मागितला युद्धविराम. जनरल माणेकशॉंचं उत्तर होतं शरणागतीचं. विचार करायला वेळ म्हणून १५ डिसेंबरच्या संध्याकाळी ५ पासून १६ च्या सकाळी ९ पर्यंत ढाक्यावरचे हवाई हल्ले थांबवले गेले. १६ ला भारताचे मेजर जनरल जेकब मसुदा घेऊन ढाक्यात उतरले, तेव्हा त्यावर 'शरणागती' हा शब्द होता. मागणी आणि उत्तर यांच्यातल्या या एका शब्दाच्या अंतरात अख्ख्या युद्धाचा निकाल दिसतो.

पायरी ४: सही कोणाची, आणि त्याला अधिकार होता का?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि तिचा धडा आपल्या घराजवळच आहे. पुण्याहून मुंबईकडे जाताना वडगाव मावळ लागतं. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावापर्यंत आली. तिथून पुढे पाऊल पडेना. माघारी वळली आणि वडगावात कोंडली गेली. महादजी शिंद्यांपुढे इंग्रजांनी करार लिहून दिला. साष्टीसह घेतलेला मुलूख परत, बंगालहून येणारी कुमक माघारी, राघोबा हवाली, आणि हमी म्हणून दोन इंग्रज ओलीस. रणांगणावर याहून चोख निकाल काय हवा?

पण कागदावर सह्या करणारे मुंबईचे अधिकारी होते, आणि कलकत्त्याला बसलेल्या वॉरन हेस्टिंग्जनं तो करार मानलाच नाही. असा करार करायचा त्यांना अधिकारच नव्हता, असा पवित्रा घेतला. बंगालची फौज येतच राहिली. युद्ध आणखी तीन वर्षं चाललं आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानं मिटलं. 'लढाईत जिंकले, तहात हरले' असं आपण सर्रास म्हणतो. वडगावचा दोष तहाच्या कलमांत नव्हताच. कलमं उत्तम होती. सही करणाऱ्याच्या मागे ज्याचा शब्द चालतो, तो माणूस त्या खोलीत नव्हता.

हा निकष हातात घेऊन विसाव्या शतकाकडे या. १९१८ मध्ये फ्रान्समधल्या कोंपियेन्यच्या जंगलात सही केली एर्झबेर्गरनं. जर्मन फौज बंदुका खांद्यावर टाकून घरी परतली, आणि पुढे सेनापतींनीच सांगायला सुरुवात केली की आम्ही हरलोच नव्हतो, घरातल्यांनी पाठीत खंजीर खुपसला. एर्झबेर्गरचा ऑगस्ट १९२१ मध्ये खून झाला. ही थाप पुढे नाझींनी कशी वापरली ते सांगायला नको.

दोस्त राष्ट्रांनी हे लक्षात ठेवलं होतं. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाला रूझवेल्टनी 'बिनशर्त शरणागती' ही मागणी जाहीर केली, आणि १९४५ मध्ये सह्या घेतल्या त्या सेनापतींच्या. ७ मे रोजी पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी फ्रान्समधल्या रँस शहरात जर्मनीच्या जनरल योडलनं सही केली. तिथे सोव्हिएत प्रतिनिधी हजर होता, त्यानंही सही केली, पण मॉस्कोचं उत्तर यायच्या आधी. स्टालिनला ते चाललं नाही. युद्धाचा सर्वांत मोठा भार सोव्हिएत फौजेनं उचललेला, मग शरणागती बर्लिनमध्ये आणि जर्मन सरसेनापतींच्या सहीनं व्हायला हवी. म्हणून ८ मेच्या मध्यरात्रीच्या सुमारास बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्ट भागात फील्डमार्शल कायटेलला सोव्हिएत मार्शल झुकॉव्हसमोर पुन्हा सही करावी लागली. मॉस्कोत तेव्हा ९ तारीख उजाडली होती. पश्चिम युरोप ८ मेला आणि रशिया ९ मेला विजयदिन पाळतो, त्याचं मूळ या दोन सह्यांत आणि घड्याळांत आहे.

जपानकडून २ सप्टेंबर १९४५ रोजी 'मिसुरी' या युद्धनौकेवर दोन सह्या घेतल्या, त्या का, हेही आता कळेल. परराष्ट्रमंत्री शिगेमित्सूंनी सम्राट आणि सरकारच्या वतीनं केली, जनरल उमेझूंनी लष्करी मुख्यालयाच्या वतीनं. पुढे कोणी म्हणायला नको की सही सरकारची होती, सैन्य अजिंक्यच होतं. याच दस्ताच्या जपानकडच्या प्रतीवर कॅनडाच्या प्रतिनिधीनं चुकून एक ओळ खाली सही केली. मग नंतरच्या सगळ्यांच्या सह्या घसरल्या आणि छापील देशनामं हातानं खोडून दुरुस्त करावी लागली.

अधिकाराचा प्रश्न उलट्या बाजूनंही येतो. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता शेवटपर्यंत लढण्याचा. वासालो इ सिल्वा यांनी तो पाळला नाही, म्हणून असंख्य जीव आणि जुनी शहरं वाचली, आणि मायदेशी गेल्यावर त्यांना लष्करातून काढण्यात आलं. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं मान्य केलं ते १९७४ च्या अखेरीस, लिस्बनमध्ये सत्ता पालटल्यावर. सेनापतीची शरणागती एका दिवसाची, राज्याची तेरा वर्षांची.

पायरी ५: घड्याळ लावा

वहीत तीन रकाने आखा: सही किती वाजता, अंमल किती वाजता, वेळ कुठल्या घड्याळाची. मग मधले तास मोजा.

कोंपियेन्यचा प्रसंग जवळून पाहू. ८ नोव्हेंबरच्या सकाळी जर्मन शिष्टमंडळ जंगलातल्या रुळांवर उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात आलं. एके काळचा जेवणाचा डबा, आता दोस्त राष्ट्रांचा सरसेनापती मार्शल फॉशची कचेरी. एर्झबेर्गर म्हणाला, आपले प्रस्ताव ऐकायला आलो आहोत. फॉशचं उत्तर, माझ्याकडे कुठलेही प्रस्ताव नाहीत. तुम्हाला शस्त्रसंधी हवी आहे का? हवी असेल तर तसं म्हणा. म्हणावं लागलं. मग अटी वाचून दाखवल्या आणि उत्तरासाठी ७२ तास दिले. तोवर लढाई थांबवा ही विनंती फॉशनं धुडकावली. अटींचा कागद घेऊन जर्मन दूत मोटारीनं आपल्या मुख्यालयाकडे निघाला, तर त्याच्याच बाजूच्या तोफा थांबेनात, त्यामुळे त्याला आघाडी ओलांडता येईना. इकडे ९ तारखेला बर्लिनमध्ये कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, पदत्यागाची घोषणा झाली. ज्या सरकारनं पाठवलं, तेच बदललं.

सही झाली ११ तारखेला पहाटे पाच वाजून काही मिनिटांनी. अंमल सकाळी ११ पासून. हे सहा तास ठेवले होते निरोप प्रत्येक खंदकापर्यंत पोहोचावा म्हणून. पण या सहा तासांत काही सेनापतींनी हल्ले चालूच ठेवले. हेन्री गुंथर हा अमेरिकी सैनिक १० वाजून ५९ मिनिटांनी पडला. ऑगस्तँ त्रेब्युशाँ हा फ्रेंच सैनिक निरोप्या होता. शेवटच्या मिनिटांत तो पडला तेव्हा त्याच्याजवळचा निरोप होता सैनिकांच्या गरम जेवणाबद्दलचा. त्याच्या थडग्यावर मृत्यूची तारीख १० नोव्हेंबर कोरलेली आहे. शस्त्रसंधीच्या दिवशी माणूस मेला, हे दगडावर लिहायची कोणाची हिंमत झाली नाही.

इटलीच्या आघाडीवर हेच घड्याळ आणखी क्रूरपणे फिरलं. ऑस्ट्रिया-हंगेरीची शस्त्रसंधी ३ नोव्हेंबरला सही झाली, अंमल ४ नोव्हेंबर दुपारी ३ पासून. ऑस्ट्रियन मुख्यालयानं आपल्या फौजांना लगेच थांबायला सांगितलं, इटालियन मात्र ठरल्या वेळेपर्यंत पुढे सरकत राहिले. बंदुका खाली ठेवलेल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांना त्यांनी कैद केलं. म्हणून वेळेचं कलम वाचताना विचारा: दोन्ही बाजूंना एकच वेळ कळली होती का?

पायरी ६: कलमं बाजारहाटाच्या यादीसारखी वाचा

कलमांत मोठे शब्द कमी आणि आकडे जास्त असतात. आकडेच खरे बोलके. १९१८ मध्ये जर्मनीकडून मागितलं होतं: ५,००० तोफा, २५,००० मशीनगन, १,७०० विमानं, ५,००० रेल्वे इंजिनं, १,५०,००० वाघिणी म्हणजे मालगाडीचे डबे. बेल्जियम, फ्रान्स आणि अल्सास-लोरेन १५ दिवसांत रिकामं करायचं. तोफा गेल्या की लढता येत नाही. इंजिनं आणि वाघिणी गेल्या की सैन्य पुन्हा आघाडीवर नेता येत नाही. शस्त्रसंधीचं रूपांतर पराभवात झालं ते या वाघिणींमुळे, असं मी म्हणेन.

घासाघीसही पाहा. मूळ मागणी ३०,००० मशीनगनची होती. एर्झबेर्गरनं घरच्या क्रांतीचं कारण पुढे करून ती २५,००० वर आणली. पण नाकेबंदीचं कलम त्याला हलवता आलं नाही. शस्त्रसंधीनंतरही समुद्राची नाकेबंदी चालूच राहिली, आणि उपाशी जर्मनीत लोकांनी हेच सर्वांत कडवटपणे लक्षात ठेवलं. सही करताना एर्झबेर्गरनं वाचलेल्या निवेदनाचा शेवट असा होता, की सात कोटींची जनता सोसते, पण मरत नाही.

आता याच्याशेजारी ढाक्याचं पान ठेवा. त्यात आकडे नाहीत, आणि तेही अर्थपूर्ण आहे, कारण सगळंच द्यायचं होतं. पूर्वेकडच्या सगळ्या पाकिस्तानी सशस्त्र दलांनी, निमलष्करी दलांसह, जिथे आहेत तिथेच जवळच्या नियमित सैन्यापुढे शस्त्रं ठेवायची. 'नियमित' हा शब्द दोनदा वाचा. नऊ महिन्यांच्या अत्याचारांनंतर बांगलादेशी जनता पेटलेली होती, तेव्हा शस्त्रं कोणाच्या हाती पडणार यावर हजारो जीव अवलंबून होते. शरण आलेल्यांना जिनिव्हा करारांप्रमाणे वागणूक मिळेल, असं वचन आहे. परदेशी नागरिक, वांशिक अल्पसंख्य आणि पश्चिम पाकिस्तानातून आलेले लोक यांना संरक्षण मिळेल, हेही आहे. अर्थाबद्दल शंका आली तर जनरल अरोरांचा निर्णय अंतिम. आणि अरोरांचं पद काय लिहिलंय? पूर्व आघाडीवरच्या भारत आणि बांगलादेश या दोन्ही फौजांचे प्रमुख. त्या दोन शब्दांनी पाकिस्तानी सेनापतीच्या सहीखाली बांगलादेशचं नाव आलं. पाकिस्तान सरकारनं बांगलादेशला मान्यता दिली फेब्रुवारी १९७४ मध्ये.

पायरी ७: नकाशावरची रेषा कुठे संपते ते बघा

रेषा कुठून सुरू होते ते सगळे वाचतात. संपते कुठे, तिथे बोट ठेवा. काश्मीरमधला युद्धविराम १ जानेवारी १९४९ पासून, आणि त्याची रेषा ठरली कराचीला, २७ जुलै १९४९ रोजी. ती एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत नीट वर्णन केली आणि पुढे लिहिलं, तिथून उत्तरेस हिमनद्यांकडे. तिथे कोण जाऊन लढणार, असं तेव्हा वाटलं असावं. त्या एका अर्धवट वाक्यावरून पुढे दोन देशांचा वाद पेटला. एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्य सियाचेनवर चढलं, आणि आजही आपले जवान तिथे थंडीशी झुंजत उभे आहेत.

पायरी ८: कैद्यांचं काय झालं, ते शेवटच्या माणसापर्यंत शोधा

कोरियाची शस्त्रसंधी-बोलणी १० जुलै १९५१ ला सुरू झाली. रेषेवर बऱ्यापैकी लवकर एकमत झालं. घोडं अडलं ते कैद्यांपाशी. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ११८ सांगतं की लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवा. पण ज्या कैद्याला परत जायचंच नसेल त्याचं काय? चीन आणि उत्तर कोरिया म्हणत, सगळे परत द्या. अमेरिका म्हणे, जबरदस्तीनं पाठवणार नाही. या एका मुद्द्यावर वर्षाहून अधिक काळ गेला, आणि टेबलावर वाद चालू असताना डोंगरांवर माणसं मरत राहिली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना तर शस्त्रसंधीच नको होती. जून १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २७,००० कैदी परस्पर सोडून दिले. शेवटी २७ जुलै १९५३ ला सकाळी १० वाजता पानमुनजोमला सह्या झाल्या, अंमल रात्री १० पासून. दक्षिण कोरियाची त्यावर सही नाही.

न परतणाऱ्या कैद्यांचा पेच सोडवायला तटस्थ देशांचा आयोग नेमला. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. सिंगमन ऱ्हींनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथे त्यांचा तळ वसला, नाव हिंदनगर. एका बाजूचे सुमारे २२,६०० कैदी आणि दुसऱ्या बाजूचे ३५९, आणि दोन्हीकडून संशय. एका प्रसंगी कैद्यांनी भारतीय अधिकाऱ्यालाच धरून ठेवलं. थोरात निःशस्त्र आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. गोळी न झाडता हे निभावणं सोपं नव्हतं. आपल्या शाळांच्या पुस्तकांत हे प्रकरण ठळक का नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोणत्याच कोरियात वा चीनमध्ये न जाऊ इच्छिणारे ८८ जण शेवटी भारतीय दलाबरोबर भारतात आले.

१९७१ चा हिशेबही असाच लांबला. सुमारे ९३,००० जण कैदेत आले, त्यांत नागरिकही होते. सिमला करार जुलै १९७२ चा, पण कैद्यांच्या परतीचा करार दिल्लीला झाला तो २८ ऑगस्ट १९७३ रोजी. परतीचं काम एप्रिल १९७४ पर्यंत चाललं.

पायरी ९: हुकूम शेवटच्या शिपायाला पोहोचला का?

सम्राट हिरोहितोंच्या १५ ऑगस्ट १९४५ च्या भाषणात 'शरणागती' हा शब्दच नव्हता, आणि भाषा दरबारी वळणाची, त्यामुळे ऐकणाऱ्या अनेकांना अर्थ लागला नाही. परदेशातल्या फौजांना खात्री पटावी म्हणून राजघराण्यातल्या व्यक्तींना तिकडे पाठवावं लागलं. तरी फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावर लेफ्टनंट हिरू ओनोदा जंगलात लढतच राहिले. वरून टाकलेली पत्रकं त्यांना शत्रूचा डाव वाटली. मार्च १९७४ मध्ये त्यांच्या जुन्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष तिथे जाऊन हुकूम वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी रायफल खाली ठेवली. तोवर बेटावरच्या गावकऱ्यांचे जीव गेले होते, ही बाजूही लिहून ठेवा.

पायरी १०: तह झाला का? झाला तर कोणाशी?

शेवटचा रकाना. जपानशी शांतता तह सॅन फ्रान्सिस्कोला ८ सप्टेंबर १९५१ रोजी झाला, अमलात आला २८ एप्रिल १९५२ ला. भारत त्यात सामील झाला नाही. आपण ९ जून १९५२ ला जपानशी वेगळा तह केला आणि नुकसानभरपाईवरचा हक्क सोडला. जर्मनीबरोबरची युद्धस्थिती ब्रिटन आणि अमेरिकेनं १९५१ मध्ये संपवली, सोव्हिएत संघानं जानेवारी १९५५ मध्ये, आणि दोन्ही जर्मनींसह चार विजेत्यांचा अंतिम करार झाला १२ सप्टेंबर १९९० रोजी. कार्ल्सहोर्स्टची सही आणि हा करार यांत ४५ वर्षं आहेत.

आता रीत हाताला बसावी म्हणून एक युद्ध तुम्ही स्वतः भरा. कोरियापासून सुरुवात करा, कारण त्याचे सगळे रकाने भरतात. मागणी कोणाची, सही कोणाची, सकाळचे १० आणि रात्रीचे १०, रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटरचा पट्टा, हिंदनगर, ८८ माणसं. दहाव्या पायरीचा रकाना मात्र कोराच ठेवावा लागेल, कारण तो तह अजून झालेला नाही.